लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला सर्दी-खोकला झाला तर पहिल्याच दिवशी काय करायचं

घरात लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं कोणी असेल तर "साधी सर्दी आहे, दोन दिवस बघू" हे वाक्य आजपासून बंद करा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा, कारण ते दोन दिवसच महागात पडतात. माझ्या दिराचं ट्रान्सप्लांट झालंय आणि लिव्हरचा भाग माझ्या नवऱ्याने दिला, म्हणजे एकाच घरात दोन पेशंट, वर शाळेत जाणारी दोन पोरं ज्यांचं नाक शाळा सुरू झाली की वाहायला लागतं, त्यामुळे डॉक्टरांना आणि कोऑर्डिनेटर मॅडमना (हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट पेशंटचं सगळं बघणाऱ्या) विचारून विचारून जे समजलं आणि आम्ही जे पाळतो ते सगळं इथे लिहितेय. तुमच्या ट्रान्सप्लांट टीमने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, पेशंटचे रिपोर्ट त्यांच्यासमोर असतात.

भीती नक्की कशाची ते आधी समजून घ्या. नवीन लिव्हर शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि सुरुवातीला स्टेरॉइड, म्हणजे बहुतेकांना प्रेडनिसोलोन, अशी औषधं चालू असतात आणि ती प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. आता फ्लू, कोविड, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा, अ‍ॅडिनोव्हायरस हे सगळे व्हायरस तुमच्या-माझ्या नाकाघशात चार दिवस त्रास देऊन जातात, पण या लोकांमध्ये तेच छातीत उतरून न्यूमोनिया व्हायची शक्यता जास्त, आणि व्हायरसने फुफ्फुस कमजोर केलं की त्यावर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन चढतं ते वेगळंच. सगळ्यात नाजूक काळ म्हणजे ऑपरेशननंतरचे पहिले तीन ते सहा महिने, कारण तेव्हा डोस जास्त असतात. नंतर रिजेक्शन झालं, म्हणजे शरीर लिव्हर नाकारायला लागलं, आणि त्यासाठी स्टेरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले तर पुन्हा तसाच काळ सुरू होतो असं समजा. पण घाबरून माणसाला खोलीत कोंडूनही ठेवू नका, वर्षभरानंतर बहुतेकांचे डोस बरेच खाली येतात, आणि फुफ्फुसाचं ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या तुलनेत लिव्हरवाल्यांना या व्हायरसचा धोका कमी असतो.

एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीतच नसते, की यांना ताप येईलच असं नाही. स्टेरॉइड आणि बाकीच्या औषधांमुळे ताप दबतो, थर्मामीटर ९९ दाखवतो आणि आत न्यूमोनिया चालू असतो. म्हणून "ताप नाही ना, मग ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही. खोकला वाढतोय का, जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप लागतेय का, जेवण एकदम कमी झालंय का, दिवसभर नुसतं पडून राहावंसं वाटतंय का, हे बघायचं. भावोजी गप्प गप्प झाले की मी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावते, मग विचारते काय झालं.

लक्षण दिसलं त्याच दिवशी

फोन उचला आणि ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला लावा, शनिवार असो की दिवाळी. फोनच्या आधी पाच मिनिटांत एका कागदावर लिहून घ्या: ताप किती, ऑक्सिजन किती, मिनिटाला श्वास किती (स्वस्थ बसलेला असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे), लक्षणं कधी सुरू झाली, घरात आजारी कोण आहे, टॅक्रोलिमस आणि बाकीच्या गोळ्यांचे सध्याचे डोस, शेवटची टॅक्रो लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण) आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट). हे सगळं हाताशी असलं की समोरच्याला लगेच निर्णय घेता येतो, नाहीतर अर्धा तास फाइल शोधण्यात जातो आणि फाइल नेमकी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. आम्ही आता फ्रिजवरच एक कागद चिकटवलाय आणि प्रत्येक रिपोर्टनंतर त्यावरचे आकडे बदलतो.

ताप १००.४ किंवा वर गेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, छातीत दुखतंय, बोलताना दम लागतोय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, यातलं एक जरी असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय म्हणून दम लागण्याकडे दुर्लक्षही करू नका.

स्वॅब टेस्ट मागून घ्या. फ्लू, कोविड आणि आरएसव्ही तिन्हींची लक्षणं सारखीच दिसतात पण उपचार वेगळे, त्यामुळे अंदाजाने चालत नाही. फ्लू वाटत असेल तर डॉक्टर बऱ्याचदा रिपोर्टची वाट न बघता ओसेल्टामिविर सुरू करतात, मोठ्या माणसाला साधारण ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा. लवकर सुरू करण्याचा फायदा किती ते २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत दिसलं होतं. त्या वेळी ट्रान्सप्लांट झालेल्या २३७ पेशंटचा अभ्यास झाला, त्यात ज्यांना ४८ तासांच्या आत औषध मिळालं त्यांच्यातले साधारण ८ टक्के आयसीयूत गेले, आणि उशीर झालेल्यांमधले साधारण २२ टक्के. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्या साथीची वेगळी आठवण करून द्यायला नको, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. आणि हो, ४८ तास उलटून गेले असतील तरी "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका, या पेशंटना उशिरानेही औषध देतात.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काहीही आणू नका

माझ्या मते व्हायरसच्या बरोबरीचा धोका इथे आहे, आणि हा तर पूर्ण आपल्या हातातला आहे. काउंटरवर "सर्दीची गोळी द्या" म्हटलं की जी पट्टी मिळते तिच्यात पॅरासिटामॉल असतं, नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं आणि टॅक्रोलिमसमुळे बऱ्याच जणांचं बीपी आधीच वाढलेलं असतं. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की नकळत डबल डोस. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला किती ते टीमला विचारून लिहून ठेवा, बऱ्याच ठिकाणी दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको, टॅक्रोलिमस आधीच किडनीवर ताण देत असतं त्यात यांची भर. निमेसुलाइड तर लिव्हरसाठीच वाईट आणि आपल्याकडे अंगदुखीला सर्रास देतात, म्हणून पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा.

अँटिबायोटिकचंही तसंच. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल भसकन वाढते, मग हात थरथरणं, डोकं दुखणं, क्रिएटिनिन वाढणं सुरू होतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन बरोबर उलटं करतं, लेव्हल पाडतं आणि रिजेक्शनची भीती. कोविडची निर्माट्रेलविर-रिटोनाविर ही गोळी त्यातली सगळ्यात अवघड, तिच्यातल्या रिटोनाविरमुळे टॅक्रोलिमस शरीराबाहेर जातच नाही आणि लेव्हल कित्येक पट वाढू शकते, त्यामुळे ट्रान्सप्लांट टीमला न विचारता ती सुरू करायचीच नाही, मग लिहून देणारा डॉक्टर कितीही मोठा असो. गल्लीतले फॅमिली डॉक्टर प्रेमाने देतात सगळं, पण त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा की ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे, आणि तिथूनच कोऑर्डिनेटरला फोन लावून द्या.

आता काढा. मला माहितीये यावर घरातली मोठी माणसं नाराज होतात, आमचीही झाली, पण गुळवेल नको म्हणजे नको. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे भरपूर घेतले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हर डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या. त्यावर वादही झाला, पण आपल्या पेशंटपुरता विचार करा, जी वनस्पती प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून विकली जाते ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसाला कशाला द्यायची? आलं घालून गरम पाणी द्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या, भाजीतली नेहमीची हळद ठीक आहे, हळदीच्या कॅप्सूल नकोत. कोकणातल्या लोकांसाठी खास सांगते, पपनस नको, ग्रेपफ्रूटसारखंच तेही टॅक्रोलिमस वाढवतं.

आणि आजारी पडल्यावर "इम्युनिटी दाबणारी औषधं बंद करू म्हणजे इन्फेक्शन लवकर जाईल" हा शहाणपणा कुणी सुचवला तर हात जोडा. डॉक्टर कधीकधी मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात, पण ते त्यांनी ठरवायचं. गोळी घेतल्यावर उलटी झाली किंवा जुलाब लागले तरी फोन करा, जुलाबात टॅक्रोची लेव्हल वाढते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लस आणि घरातली शिस्त

फ्लूची लस दर वर्षी, इंजेक्शनवालीच. नाकात फवारायची लस जिवंत व्हायरसची असते, ती पेशंटला नाही. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये लस घेऊन मोकळं व्हा, लसीचं संरक्षण अंगात तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. नवीन ट्रान्सप्लांट असेल तर किती महिन्यांनी घ्यायची ते टीम सांगेल. न्यूमोनियाची म्हणजे न्यूमोकोकलची लस आणि कोविडचा डोस याबद्दलही विचारा. लसीने रिजेक्शन होतं ही भीती बऱ्याच जणांच्या मनात असते, तिला पुराव्याचा आधार नाही. पण दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे पेशंटला लस कमी लागू होते, आणि म्हणूनच घरातल्या प्रत्येकाने ती घ्यायची, आमच्याकडे सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत सगळे एकाच दिवशी जातो. घरात बाळ असेल आणि त्याला पोलिओचे थेंब दिले असतील तर काही आठवडे लंगोट बदलायचं काम दुसऱ्याने करायचं.

सर्दी झालेल्या पोराने काकाच्या खोलीत जायचं नाही, जेवण बाजूला, टॉवेल वेगळा, खिडक्या उघड्या. एन-९५ मास्क लोकलमध्ये, ओपीडीत आणि लग्नाच्या हॉलमध्ये हवाच. सगळ्यात अवघड जातात ते गणपती, कारण सण नेमका फ्लूच्या दिवसांत आणि घरभर पाहुणे. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना आधीच मेसेज टाकला की खोकला असेल तर दर्शनाला व्हिडिओ कॉल करा, एक-दोघांना राग आला, आला तर येऊ दे. आरतीला भावोजी मास्क लावून दाराजवळ उभे राहिले जिथे हवा खेळती असते, नंतर गर्दी कमी झाल्यावर शांतपणे नमस्कार केला.

बरं वाटायला लागल्यावर

इथे लोक ढिले पडतात. ट्रान्सप्लांट पेशंटच्या शरीरातून व्हायरस आठवडे आठवडे बाहेर पडत राहू शकतो, त्यामुळे खोकला थांबला म्हणून लगेच फॉलोअपला जाऊन ओपीडीत दुसऱ्या नव्या पेशंटशेजारी बसू नका, आधी फोन करून वेळ विचारा. दोन-तीन दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढला किंवा कफ पिवळा-हिरवा झाला तर ते बॅक्टेरियाचं असू शकतं, त्याच दिवशी परत कळवा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर टीबीची तपासणी करून घ्या, आपल्या देशात ही शक्यता सोडता येत नाही आणि या औषधांवर तर नाहीच. आजारपणात औषधं बदलली असतील तर टॅक्रो लेव्हल, क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या एसजीओटी-एसजीपीटी या टेस्ट पुन्हा करा, टॅक्रोचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. गोळी डबीत घालून लॅबमध्येच घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घेता येते.