क्लबात टेबल टेनिस खेळणाऱ्यांनी सराव कसा करावा

बहुतेक क्लबांत संध्याकाळी टेबलं कमी आणि खेळणारे जास्त. म्हणून आल्याआल्या मॅच लागते. हरला तो बाहेर, जिंकला तो आत. मीही बरीच वर्षं असाच खेळलो. मॅचमध्ये माणूस आपला हुकमी शॉट मारतो आणि कच्ची बाजू झाकून ठेवतो, त्यामुळे ती कच्चीच राहते. नव्याने क्लबात येणाऱ्यांना म्हणूनच मी सांगतो, आठवड्यातून दोन दिवस तरी पहिला तास गुण न मोजता खेळा.

वॉर्म-अपला दहा मिनिटं पुरतात: कोपऱ्यातून कोपऱ्यात फोरहँड, मग बॅकहँड. काहीजण यातच अर्धा तास घालवतात. शंभर चेंडूंची रॅली छान वाटते, पण चेंडू एकाच जागी येत असेल तर पाय शिकत नाहीत.

पायांसाठी माझ्या मते सर्वांत चांगलं ड्रिल म्हणजे फाल्केनबर्ग. स्वीडनमधल्या फाल्केनबर्गच्या क्लबावरून हे नाव पडलं. १९७१चा विश्वविजेता स्टेलान बेंग्टसन तिथलाच. जोडीदार दोन चेंडू तुमच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात ब्लॉक करतो (म्हणजे न फटकावता, बॅट समोर धरून नुसते परत पाठवतो) आणि तिसरा फोरहँडला रुंद टाकतो. पहिला बॅकहँडने मारायचा, दुसरा त्याच कोपऱ्यात बाजूला सरून फोरहँडने, आणि तिसऱ्यासाठी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. तुमचे तिन्ही शॉट जोडीदाराच्या एकाच कोपऱ्यात जायला हवेत, नाहीतर त्याला ब्लॉक जमत नाही आणि ड्रिल मोडतं. सुरुवातीला साठ टक्केच जोर लावा. बहुतेकांची गडबड तिसऱ्या चेंडूवर होते: पाय मागे राहतात आणि हात पुढे जातो. हे सुधारायला चेंडूशिवाय, नुसती बॅट घेऊन तीच पावलं टाका. बघणारे हसले तरी करा, फार उपयोग होतो.

हे बसलं की क्रम मोडायचा. एक किंवा दोन चेंडू बॅकहँडला, मग जोडीदाराच्या मनात येईल तिथे. इथून पुढचा सराव मॅचच्या जवळ जातो.

खरी मेहनत मात्र सर्व्हिस आणि तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावर आपण मारतो त्या पहिल्या शॉटवर, घ्या. २००१ पासून गेम ११ गुणांचा झाला आणि सर्व्हिस आळीपाळीने दोन-दोनच मिळतात. त्या फुकट घालवणं परवडत नाही. टेबल रिकामं दिसलं की डबाभर चेंडू घेऊन एकट्याने सर्व्हिस करा. आखूड सर्व्हिस पलीकडच्या बाजूला दोनदा टप्पा घेते का, तेवढंच बघा. चेंडू उघड्या तळहातावरून किमान १६ सेंटिमीटर वर गेलाच पाहिजे. क्लबात कोणी टोकत नाही, पण स्पर्धेत पंच फॉल्ट देतात. मग जोडीदाराला घ्या: तुम्ही आखूड अंडरस्पिन (उलटी फिरकी) द्या, त्याने लांब पुश करावा, म्हणजे चेंडू खालून हलकेच ढकलावा, आणि तुम्ही टॉपस्पिनने (पुढे फिरणाऱ्या चेंडूने) हल्ला सुरू करा. गुडघे वाकवून बॅट चेंडूखालून वर न्या. चेंडू नेटमध्ये जात असेल तर अजून खालून सुरुवात करा, जोर वाढवू नका.

ब्लॉक करणाऱ्याचाही हा सरावच आहे, म्हणून दर सात-आठ मिनिटांनी बाजू बदला. शेवटी मॅच खेळायचीच असेल, तर गेम ८-८ पासून सुरू करा आणि सर्व्हिस करणाऱ्याने तिसरा चेंडू मारलाच पाहिजे अशी अट घाला.