स्कॉटलंडातला जळका ढीग कळायचा असेल तर आधी मळ्यात एक करून बघा

लेकीकडं स्कॉटलंडला गेलो होतो, तेव्हा ओढ्याकाठी फिरताना तिनं एक उंचवटा दाखवला. गवतानं झाकलेला, घोड्याच्या नालासारखा. ‘पप्पा, हा बर्न्ट माउंड, म्हणजे जळका ढीग. कांस्ययुगातला, तीनएक हजार वर्षांपूर्वीचा.’ सशांनी बीळ उकरलं होतं, तिथनं कोळशानं काळी झालेली माती आणि तडकलेले तांबूस दगड बाहेर आले होते. आमचं चाळीस वर्षं गुऱ्हाळ होतं, चुलवाणाची राख कुठं टाकतात ते मला कुणी सांगायला नको. म्हटलं, ‘अगं, हा तर उकिरडा. रस उकळायची काहील कुठाय?’

काहील ढिगाच्या पोटात असते. फळ्या लावलेला, शिळा बसवलेला नाहीतर चिकणमाती लिंपलेला हौद. तेवढं पाणी विस्तवावर ठेवायला भांडं नव्हतं, म्हणून दगड तापवून पाण्यात सोडायचे आणि तडकून बाद झाले की बाजूला फेकायचे. त्या फेकलेल्या दगडांचा हा ढीग.

कोल्हापूरला आल्यावर विहिरीशेजारी करून बघितलं. तुम्हाला करायचं असेल तर असं करा.

दगड बांधावरचे घ्या, नदीतले नकोत. पहिल्या खेपेला मी पंचगंगेतले गुळगुळीत गोटे आणले. आत पाणी मुरलेलं. अर्ध्या तासात एक फटाक्यासारखा फुटला आणि कपची माझ्या पँटला भोक पाडून गेली. तेव्हापासून डोळ्यांवर चष्मा आणि पोरं लांब. घट्ट काळा दगड, मुठीएवढा, महिनाभर उन्हात वाळलेला. जांभा घेऊ नका, तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो.

४० लिटर पाण्याला ५० किलो दगड धरा. हिशेबानं ३५–४० किलोत भागायला हवं, पण थोडी उष्णता मातीत जाते, थोडी वाऱ्यात. खड्डा गुडघ्याएवढा खणा, आतून चिकणमाती थापा, सावलीत वाळू द्या. घाई केली की भेगा पडतात आणि पाणी जमिनीत जातं. माझं एकदा गेलं.

बाभळीची लाकडं रचा, मध्ये दगड, वर परत लाकडं. दोन तास तरी जाळा. अंधारात दगड मंद लाल दिसला म्हणजे तयार. लांब दांड्याच्या फावड्यानं एकेक उचला, राख झटका आणि पाण्यात हळूच सोडा, टाकू नका. पहिल्या दहा-बारा दगडांत पाणी अंघोळीचं होतं, माणूस नाद सोडायला लागतो. धीर धरा. निवलेले दगड काढत राहा, नाहीतर खड्डा दगडांनीच भरतो. माझ्या पाण्याला उकळी फुटायला बावीस मिनिटं लागली.

आयर्लंडात अशाच ढिगांना फुलॅक्ट फिया म्हणतात. तिथं मायकेल ओ’केली या पुरातत्त्वज्ञानं १९५०च्या दशकात सुमारे ४५० लिटर पाणी अर्ध्या तासात उकळवलं आणि साडेचार किलोची मटणाची तंगडी पेंढ्यात गुंडाळून तीन तास चाळीस मिनिटांत शिजवली. मी तंगडीचं नाव काढलं तर घरातले आबा म्हणाले, ‘गप. मटन वाया घालवायचं न्हाई. पांढरा रस्सा चुलीवरच.’ म्हणून मक्याची कणसं आणि ओल्या शेंगा शिजवल्या. शेंगांना राखेची किंचित चव आली, बाकी झकास.

तिथले अभ्यासक मात्र अजून भांडताहेत. बऱ्याच ढिगांत हाडं सापडत नाहीत, म्हणून कुणी म्हणतं वाफेचं स्नान, कुणी बिअर, कुणी लोकर धुणं-रंगवणं. मला वाटतं, एकच उत्तर धरून बसणं चूक. गुऱ्हाळात गूळ होतो, पण चुलवाणाच्या तोंडाशी रताळी भाजतात आणि थंडीनं कुडकुडणारा माणूस शेकायलाही तिथंच येतो.

आता स्कॉटलंडला गेलात तर बघायचं काय? आधी पाणी, कारण ढीग बहुतेक ओढ्या-झऱ्याजवळच असतो. मग नालाचा आकार. मी आगटी आणि खड्ड्याच्या मध्ये उभा राहून बाद दगड फेकत गेलो, तर माझाही ढीग खड्ड्याच्या तीन बाजूंनीच वाढला. मग दगड: धारदार कोपऱ्यांचे, हातानं मोडणारे, काळ्या मातीत. नीट उघडलेला हौद बघायचा तर ऑर्कनी बेटांवर लिडल, नाहीतर शेटलंडच्या ब्रेसे बेटावर क्रूस्टर. क्रूस्टर समुद्र खात होता, म्हणून २००८ मध्ये उचलून दुसरीकडं उभा केला. उकरू मात्र नका आणि दगड खिशात घालू नका. संरक्षित स्मारकाला धक्का लावणं तिथं गुन्हा आहे.

तुमच्या मळ्यातले बाद दगड उसात टाकू नका, नांगराला लागतात. आमचे विहिरीशेजारीच पडलेत, पाच खेपांचे, अडीचशे किलोच्या आसपास. यंदाच्या पावसात त्यांच्यावर हराळी आली. परवा पावणे आले, त्यांनी आबांना विचारलं, ‘हितं काय पुरलंय?’