सरावातला जोडीदार प्रतिस्पर्धी म्हणून समोर आला तर

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, तेव्हा गादी (मॅट) विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके हे दोघेही कुस्ती प्रशिक्षक काका पवार यांचेच शिष्य होते. हर्षवर्धनने ती कुस्ती ३-२ अशा निसटत्या फरकाने जिंकली आणि शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. असा प्रसंग जिल्हा पातळीवरच्या खेळाडूंवरही वारंवार येतो, आणि त्याची तयारी लढतीच्या दिवशी करून भागत नाही.

ड्रॉ, म्हणजे कोणाची लढत कोणाशी याची सोडत, निघताच दोघांनी एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. लढत होईपर्यंत एकत्र सराव थांबवावा, आणि प्रशिक्षक एकच असतील तर त्यांनी कोणाच्याच बाजूला बसू नये, हे तेव्हाच ठरवावे. रोज अंगाला अंग लावून सराव केलेल्या माणसाचा डावा पट (पाय धरून पाडण्याचा डाव) कच्चा आहे हे आपल्याला ठाऊक असते. ते लढतीत वापरण्यात काहीही गैर नाही, कारण तितकेच त्यालाही आपल्याबद्दल ठाऊक असते. मात्र वजन उतरवताना होणारे हाल, घरची अडचण किंवा लपवलेली दुखापत त्याने विश्वासाने सांगितली असेल, तर ती आपल्या प्रशिक्षकांच्याही कानावर घालू नये.

आत उतरल्यावर हात आखडता घेऊ नये. मित्राला सोपे जावे म्हणून सैल खेळणे म्हणजे नुरा कुस्तीच होय, आणि ती प्रेक्षकांच्या आधी समोरच्याला कळते. सलामी मनापासून द्यावी, पंचांचा निर्णय आपल्या बाजूने लागला म्हणून त्याच्याकडे पाहून हातवारे करू नयेत, आणि बाकी सर्व ताकद डावात घालावी.

सर्वांत अवघड भाग लढतीनंतर येतो, कारण तेव्हा आपले समर्थकच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतात. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्या फेकीआधी नीरज चोप्राला आपला भाला सापडेना, तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता. नीरजने हे नंतर एका मुलाखतीत सहज सांगितले आणि समाजमाध्यमांवर अर्शदवर कटाचे आरोप सुरू झाले. नीरजने ऑगस्ट २०२१ मध्ये चित्रफीत प्रसिद्ध करून स्पष्ट केले की स्पर्धेतील भाले सर्वांसाठी एकत्र ठेवलेले असतात, कोणीही ते वापरू शकतो, आणि आपल्या नावाचा वापर द्वेषासाठी करू नये. या कृतीतून शिकण्यासारखे बरेच आहे. खुलासा लवकर करावा, ‘तो चांगला माणूस आहे’ असे मोघम न म्हणता नियम काय आहे ते सांगावे, आणि गैरसमज आपल्या बोलण्यातून निर्माण झाला असेल तर तो आपणच निस्तरावा.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे: आदरासाठी जिवलग मैत्री लागतेच असे नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली अर्शदने ९२.९७ मीटर फेक करून सुवर्ण जिंकले, नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले, आणि नीरजच्या आई सरोजदेवी यांनी सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा असल्याचे म्हटले. तरीही मे २०२५ मध्ये, पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावाच्या काळात, आम्ही कधीच फार जवळचे मित्र नव्हतो, असे नीरजने सांगितले. मात्र जो आदराने बोलतो त्याच्याशी मीही आदराने बोलतो, असेही तो म्हणाला. काहींना हे कोरडे वाटले. मला ते प्रामाणिक वाटते, कारण नसलेल्या मैत्रीचा देखावा दोघांनाही जाचतो आणि प्रसंग येताच उघडा पडतो.

म्हणूनच हर्षवर्धनची नक्कल सरसकट करू नये. एका तालमीत घाम गाळलेल्याला खांद्यावर घेणे शोभते. अनोळखी पराभूताला छायाचित्रकारांसमोर उचलले तर त्याला ते दुसऱ्यांदा हरल्यासारखे वाटू शकते. अशा वेळी हात मिळवून त्याच्या प्रशिक्षकांनाही नमस्कार करावा आणि बाजूला व्हावे. पालकांनी तेवढ्या वेळेपुरते मोबाइल खिशात ठेवले तर फारच उत्तम.

एकत्र सराव पुन्हा कधी सुरू करायचा, तो दिवस हरलेल्याला ठरवू द्यावा. आपण कोणत्या डावावर गुण घेतला असे त्याने विचारले, तर तो डाव त्याला करून दाखवावा, आणि पुढच्या खेपेला तो त्याचा तोड घेऊन येईल हे गृहीत धरून स्वतःही नव्या डावाच्या तयारीला लागावे.