गेममधल्या चेहऱ्यावरच्या आठ्या : या चुका टाळा

मराठीत सुरकुती वेगळी, आठी वेगळी. सुरकुती वयानं येते आणि राहते. आठी चढते आणि उतरते. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. स्कल्प्टमधल्या (थ्रीडीत कोरलेल्या शिल्पातल्या) आठ्या ते मूळ नॉर्मल मॅपमध्येच बेक करतात, म्हणजे उतरवतात. नॉर्मल मॅप म्हणजे पृष्ठभागाचे उतार रंगांत साठवणारं चित्र; त्यानुसार उजेड पडतो आणि खाचा भासतात. मग पात्र हसो वा झोपो, कपाळ कायम आक्रसलेलं. मूळ मॅप निवांत चेहऱ्याचा ठेवा. आठ्यांचा मॅप वेगळा करा आणि तो भुवईच्या ब्लेंडशेपच्या (भुवई हलवणाऱ्या, आधी घडवून ठेवलेल्या आकाराच्या) वजनानुसार, म्हणजे ० ते १ मधल्या आकड्यानुसार, मिसळू द्या.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती नॉर्मल मॅपच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलांपैकी हिरव्याची चूक. एका म्हाताऱ्याच्या पात्रावर माझे दोन दिवस त्यात गेले. तो रागावला की भुवयांमधल्या उभ्या रेषा अगदी बरोबर दिसत. भुवया उंचावल्या की मात्र आडव्या आठ्या खाचांऐवजी सुतळ्या चिकटवल्यासारख्या वर यायच्या. मी शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा प्रोग्राम) तपासला, दिवे हलवले, मेशच्या (पात्राच्या जाळीदार मॉडेलच्या) टॅन्जंटवर, म्हणजे मॅपची दिशा ठरवणाऱ्या रेषांवर, संशय घेतला. शेवटी कळलं, मॅप ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बेक केलेला आणि गेम इंजिन अनरियल. ब्लेंडर आणि युनिटी (दुसरं गेम इंजिन) ओपनजीएलची पद्धत पाळतात, अनरियल डायरेक्टएक्सची. ग्राफिक्सच्या या दोन्ही प्रणालींत हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट. चेहऱ्याचा यूव्ही (मॉडेलवर चित्र बसवण्यासाठी उलगडलेला सपाट नकाशा) सरळ मांडलेला असला की उभ्या रेषेचा उतार लाल चॅनेलमध्ये असतो, म्हणून ती वाचली. आडवीचा हिरव्यात, म्हणून ती उलटली. तेव्हापासून नवा मॅप आला की मी रिकाम्या सीनमध्ये एकच दिवा पात्राच्या डोक्यावर लावतो. आडव्या खाचेची खालची कड उजळली तर ठीक. वरची उजळली तर हिरवा चॅनेल उलटा करतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या चेहऱ्याला एकच स्लायडर. डावी भुवई उचलली की आठ्या कपाळभर! कपाळाची डावी, मधली, उजवी बाजू, डोळ्यांच्या कडा, नाकाचं मूळ यांना वेगवेगळे मास्क (आठी कुठे दिसावी ते ठरवणारी चित्रं) द्या. एका टेक्स्चरच्या चार चॅनेलांत चार मास्क बसतात, त्यामुळे मेमरीची सबब मला पटत नाही. आणि त्याआधी दहा मिनिटं आरशासमोर बसा. ही पायरी गाळणाऱ्यांचं काम पहिल्या नजरेत ओळखू येतं.

नॉर्मल मॅपवर एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीचं रंगांचं सेटिंग) बंद ठेवा.

दोन नॉर्मल मॅपची नुसती सरासरी काढू नका, त्वचेची छिद्रं पुसट होतात. छिद्रांचा थर वेगळा ठेवा.

भुवई हलल्या क्षणी आठी दाखवू नका. ब्लेंडशेपचं वजन ०.२ होईपर्यंत मी ती शून्यावरच ठेवतो.

आठी दिसत नाही म्हणून मॅपची तीव्रता दुप्पट करणं हा मला सर्वांत खटकणारा शॉर्टकट आहे. संगणक-ग्राफिक्सचे संशोधक जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली सुरकुत्यांसाठी नॉर्मल मॅपमागची मूळ युक्ती मांडली, तेव्हापासून तिची मर्यादा तीच आहे: पृष्ठभाग जागचा हलत नाही, फक्त त्यावरचा उजेड बदलतो. हसताना नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पडणारी घडी बाजूनं पाहिली तरी दिसायला हवी. ती मेशमध्येच करा, त्यासाठी गालावर एक जादा एज लूप (मेशच्या कडांची सलग ओळ) घ्या.