भाड्याचे घर एलएलसीच्या नावावर करताना भाडे कोणाच्या खात्यात घ्यावे

अमेरिकेत भाड्याने दिलेले घर एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नावावर करताना डीडची (मालकी हस्तांतराच्या दस्ताची) कौंटीत, म्हणजे जिल्हा पातळीवरील कार्यालयात, नोंद झाली की काम संपले असे वाटते, आणि भाडे पूर्वीसारखेच वैयक्तिक खात्यात येत राहते. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. घरासंबंधी कोणी दावा लावल्यास आपली इतर मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून एलएलसी काढली जाते. मालकाचे आणि कंपनीचे पैसे एकत्र मिसळलेले आढळले, तर न्यायालय कंपनीचे वेगळे अस्तित्वच अमान्य करू शकते.

घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यावी, कारण 1982 च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यात काही कौटुंबिक हस्तांतरणांना असलेली सूट एलएलसीला मिळत नाही आणि मालकी बदलल्यामुळे बँक संपूर्ण कर्ज एकरकमी मागू शकते. त्यानंतर आयआरएस या अमेरिकी कर खात्याकडून विनाशुल्क ईआयएन (कंपनीचा कर ओळख क्रमांक) घेऊन, डीड करण्यापूर्वीच एलएलसीचे बँक खाते उघडावे. डीड शक्यतो महिनाअखेरीस करावे, म्हणजे 1 तारखेचे भाडे थेट नव्या खात्यात जमा होते.

चालू भाडेकरार तसाच कायम राहतो. तो एलएलसीकडे सोपवल्याचा स्वतंत्र कागद मात्र करून ठेवावा. भाडेकरूला पाठवायच्या पत्रात एलएलसीचे नाव, बदलाची तारीख, चेक कोणाच्या नावे काढायचा आणि ऑनलाइन भरणा कोठे करायचा हे स्पष्ट लिहावे. खाते बदलल्याची खोटी पत्रे पाठवून फसवणूक होत असल्याने भाडेकरूला शंका येणे रास्त आहे. म्हणून पत्रावर जुना मालक या नात्याने स्वतः सही करावी आणि शक्य तर प्रत्यक्ष भेटून ते द्यावे. अनामत रक्कमही त्याच वेळी एलएलसीच्या खात्यात वळवून तसे लेखी कळवावे. कॅलिफोर्नियात ती नव्या मालकाकडे सोपवणे किंवा भाडेकरूला परत करणे कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याचा काही भाग सरकारी व्हाउचरमधून (घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून) येत असेल, तर गृहनिर्माण प्राधिकरणाला आधीच कळवावे.

भाडेकरूने सवयीने जुन्याच खात्यात पैसे भरले, तर त्यातून दुरुस्तीचा खर्च वगैरे न वजा करता संपूर्ण रक्कम लगेच एलएलसीकडे वळवावी आणि कोणत्या महिन्याचे भाडे आहे याची नोंद ठेवावी.

एकच मालक असल्यास हे भाडे सहसा पूर्वीप्रमाणेच वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल ई या परिशिष्टामध्ये दाखवले जाते. दोन भागीदार असल्यास बहुधा फॉर्म 1065 (भागीदारीचे विवरणपत्र) भरावा लागतो.