‘त्यांनी नेले’पासून सुरुवात: आयरिश लोककथा, प्रेम आणि शोक यांची दोन काळांत घडणारी कादंबरी कशी लिहावी

एकोणिसाव्या शतकातील आयरिश खेड्यांत बाळंतपणात गेलेली तरुण आई, पाळण्यातच दगावलेले मूल किंवा कारण न कळता खंगत गेलेला धडधाकट मुलगा यांच्याविषयी लोक पुष्कळदा ‘त्यांनी नेले’ असे म्हणत. ‘ते’ म्हणजे ईस शी, टेकाडांच्या पोटात राहणारे लोक. या दोन शब्दांत अशा कादंबरीचे सारे बीज सामावलेले आहे, कारण मेलेले माणूस परत येत नाही, पण नेलेले माणूस कदाचित आणता येते. म्हणून कथानक रचण्याआधी एवढेच ठरवावे, की कोणाला ‘नेले’ आहे आणि मागे राहिलेले कोण त्या आशेवर जगत आहे.

मराठीत लिहिताना ‘परी’ हा शब्द शक्यतो टाळावा. त्या शब्दाबरोबर पंख, छडी आणि चिमुकली अंगकाठी आपोआप येते, आणि आयरिश लोककथेतील ईस शी तसे नाहीत. ते बहुधा माणसाएवढेच असतात, गुरे पाळतात, हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळतात, भांडतात, लग्ने करतात. त्यांचे नाव थेट घेणे धोक्याचे मानले जाई आणि त्यांना ‘चांगले लोक’ म्हटले जाई. संवादांत हेच संबोधन वापरल्यास भीती न सांगताही जाणवते. विशेषनामे स्पेलिंगवरून न लिहिता उच्चारावरून लिहावीत: ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणारा सण ‘साउइन’, दंतकथेतील वीर ओशीन याची प्रेयसी ‘नीव’.

स्थळ निवडताना राथकडे पाहावे. राथ म्हणजे मातीच्या गोल बांधाने वेढलेली जागा. इतिहासाच्या दृष्टीने ही बहुतांशी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील शेतकऱ्यांची वसतिस्थाने, आणि लोकांच्या दृष्टीने ‘त्यांची’ घरे. अशा ४०,०००हून अधिक जागा आयर्लंडमध्ये आहेत. परंतु कादंबरीकारासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र भूमीत पुरता येत नसे. त्यांच्यासाठी ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या दफनभूमी असत आणि त्यांतील पुष्कळ जुन्या राथमध्ये, शेताच्या हद्दीवर किंवा समुद्रकाठी होत्या. दफन बहुधा अंधारात, बाप किंवा घरातला एखादा पुरुष करी, आणि खुणेला नाव नसलेला साधा दगड ठेवी. आईला उघडपणे शोक करण्याचीही सोय नसे. आता ‘त्यांनी नेले’ हे वाक्य पुन्हा वाचावे: बाळ खरोखरच ‘त्यांच्या’ घरी ठेवलेले आहे. लोककथा आणि शोक यांचा सांधा इथे आयता मिळतो, आणि माझ्या मते संपूर्ण कादंबरी या एका जागेभोवती उभी करता येते.

भूतकाळासाठी १९३८ हे वर्ष विशेष सोयीचे आहे. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात २६ काउंट्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या कथा लिहवून घेतल्या. मुले आपल्या वहीत लिहीत आणि त्यांतील निवडक मजकूर मोठ्या खंडांत उतरवला जाई. वहीत आहे पण खंडात नाही, अशा एका पानावर तुमचे रहस्य ठेवता येईल. समजा, बारा वर्षांची मुलगी ऐंशी वर्षांच्या आजीला कथा विचारते. आजी राथवरच्या संगीताची गोष्ट सुरू करते आणि मध्येच थांबते, कारण त्या राथमध्ये १८८० साली तिचे स्वतःचे मूल पुरलेले आहे. वर्तमानकाळात मूल गमावलेली दुसरी स्त्री ही वही वाचते. तिला आजीची नात किंवा पणती करण्याचा मोह आवरावा; रक्ताच्या नात्यापेक्षा अपुरी राहिलेली गोष्ट हा धागा अधिक बळकट असतो.

दोन्ही काळ आधी स्वतंत्रपणे, सलग लिहावेत आणि मगच प्रकरणे एकमेकांत गुंफावीत. आलटून पालटून लिहिले, तर एक काळ दुसऱ्याची तळटीप होऊन बसतो. गुंफताना प्रत्येक सांध्यावर विचारावे, की या प्रकरणामुळे मागच्या प्रकरणाचा अर्थ बदलला का. वर्तमानातल्या स्त्रीला राथमध्ये एकसारख्या आकाराचे दगड दिसतात. पुढच्या प्रकरणात आजोबा रात्री कंदील घेऊन निघतात. आणि दगडांचा अर्थ वाचकाला नायिकेच्या आधी कळतो. प्रकरणांची लांबी समान ठेवण्याची गरज नाही. भूतकाळ तोकडा ठेवला तर वाचक त्याची वाट पाहतो.

श्रद्धेला गोंडस करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मार्च १८९५ मध्ये टिपरेरी काउंटीत ब्रिजेट क्लीअरी ही तरुणी आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, तिच्या जागी ठेवलेली कोणी दुसरीच आहे, असे मानून तिच्या नवऱ्याने तिला जाळले. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून राथमधून बाहेर येईल, असे तो सांगत होता. सदोष मनुष्यवधासाठी त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. परत आणण्याची आशा किती निर्दय होऊ शकते, हे ज्या लेखकाने मनाशी स्पष्ट केले आहे, त्याच्याच हातून तिची कोवळीकही नीट उतरते. त्याचबरोबर ही श्रद्धा पूर्ण मेलेली आहे असेही दाखवू नये: १९९९ मध्ये क्लेअर काउंटीतील लॅटून येथे कथाकार एडी लेनिहान यांच्या मोहिमेनंतर ‘त्यांचे’ मानल्या जाणाऱ्या एका एकाकी हॉथॉर्नसाठी, म्हणजे काटेरी झाडासाठी, रस्त्याचा आराखडा बदलण्यात आला होता.

प्रेमकथेसाठी ओशीनची कथा जवळ ठेवावी. नीवबरोबर तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशात त्याला थोडीच वर्षे गेल्यासारखे वाटले. परतला तेव्हा ३०० वर्षे उलटली होती, आणि घोड्यावरून जमिनीला स्पर्श होताच तो जराजर्जर झाला. शोकात बुडालेल्या माणसाचा काळही असाच जगाच्या काळापासून सुटलेला असतो. त्यामुळे वर्तमानातल्या स्त्रीच्या नव्या प्रियकराला औषध बनवू नये. त्याने तिला घोड्यावरून खाली खेचू नये. राथ ज्याच्या शेतात आहे आणि जो कारण न सांगता त्यावर नांगर फिरवत नाही, असा शेतकरी पुरेसा आहे. त्याला स्वतःचे एखादे मौन द्यावे, आणि पहिल्या चुंबनाआधी त्या दोघांनी एकत्र काहीतरी काम करावे: दगड मोजणे, काटेरी झुडपे बाजूला करणे.

अद्भुताबाबत एक शिस्त पाळावी. ‘त्यांना’ दूर ठेवण्यासाठी दारावर लावलेले लोखंड, भलत्याच जागी पाय पडून वाट चुकणे, टेकाडातून येणारे संगीत, या प्रत्येक प्रसंगाला दोन अर्थ उरले पाहिजेत, आणि ‘ते’ वाचकाला समोरून कधीच दिसू नयेत. शेवटचे प्रकरण भूतकाळात ठेवावे. आजी नातीला वही उघडायला सांगते, ‘त्यांनी नेले’ हे शब्द स्वतःच्या बोटाने खोडायला लावते आणि बाळाचे नाव, जे आजवर कोणी उच्चारले नव्हते, ते हळूहळू, एकेक अक्षर करून तिच्याकडून लिहून घेते.