घरातून धंदा करताय? परवान्याच्या या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळा लागला की गच्च्या बिबडे, कुरडया, उडदाच्या पापडांनी भरतात. ऑर्डरी आधी, कागद नंतर, हा सगळ्यांचा क्रम. निस्तरणं तिथूनच सुरू होतं.

पहिली चूक, उद्यम प्रमाणपत्राला, म्हणजे केंद्र सरकारच्या लघुउद्योग नोंदणीला, परवाना समजणं. आधार टाकला, प्रमाणपत्र आलं, भिंतीवर लावलं, झालं! उद्यम ही फक्त नोंद आहे; कर्जाला, योजनेला उपयोगी. त्यावर खाद्यपदार्थ विकता येत नाहीत की मशीन बसवता येत नाही. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, तरी लोक एजंटाला पैसे मोजतात.

दुसरी चूक महागात पडते. नंदुरबारची मिरची हाताशी, म्हणून पोर्चमध्ये ३ एचपीचं कांडप मशीन, गेटवर फ्लेक्स आणि रोजंदारीवर दोन बाया. पहिला हंगाम जोरात जातो. मग शेजारच्या आजोबांना ठसका लागतो, तक्रार नगरपालिकेत जाते आणि नोटीस हातात पडते. तेव्हा उद्यमचा कागद दाखवून काही होत नाही. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराच्या राज्याच्या नियमांत, गृहव्यवसायाची व्याख्या सरळ आहे: काम घरात राहणाऱ्या माणसांनीच करायचं, मजूर नाही, बाहेर पाटी नाही, विकायचा तो घरात तयार झालेलाच माल, आणि मोटर लावली तर एकूण भार ०.७५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे एक एचपी. वरच्या उदाहरणात तीन अटी एकदम मोडल्या. खाणावळ तर या व्याख्येत बसतच नाही.

मशीन विकणारा म्हणतो, ‘सिंगल फेज आहे, घरी चालतं.’ फेज वेगळा, भार वेगळा. इसार देण्याआधी मोटरच्या प्लेटवरचा किलोवॉटचा आकडा स्वतः वाचा. एक एचपीच्या वर असेल तर घराचा नाद सोडा, गाळा बघा.

याच मशीनमुळे महावितरणचाही फास बसतो. घराच्या काही भागात व्यवसाय असेल तरी घरगुती दर चालतो, पण महिन्याला ३०० आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंतच. मीटर एकच असतो, त्यामुळे मे महिन्यातला कूलरही याच हिशेबात येतो. मर्यादा ओलांडूनही घरगुती दरातच चालू ठेवलं आणि तपासणीत सापडलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासूनचा ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरतात. दर महिन्याचं बिल बघून युनिट वहीत मांडायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर धंदा कसा करणार?

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. पाकिटावर अन्न नोंदणीच्या (एफएसएसएआय) अर्जाचा १७ अंकी क्रमांक छापतात. छापायचा असतो मंजुरीनंतरचा १४ अंकी, नोंदणी असेल तर २ ने सुरू होणारा. तो हाती येईपर्यंत लेबलं छापायला टाकू नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्ता, म्हणजे दुकाने कायद्याखालची नोंदणी लागत नाही, नमुना ‘फ’ मध्ये सूचना पुरते. ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागायला जाताना घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा सोबत न्या; बाकी थकलेली असेल तर अर्ज तिथेच अडतो.

आणि चिप्स तळायला घरचा १४.२ किलोचा सिलिंडर वापरायचा नाही, व्यवसायासाठी १९ किलोचा वेगळा घ्यायचा.